हरीचा खारा वाफा

पेणहून रोह्याला जाणारी सकाळची पॅसेंजर कासूला जेमतेम मिनिटभर थांबते. त्या मिनिटभरात हरिश्चंद्र म्हात्रे कितीतरी वर्षं माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसत आला... एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात हमखास काहीतरी चिखलाने माखलेलं. पेणला चढलो की मी समोरच्या जागेवर पिशवी ठेवून ती अडवायचो आणि कासू आलं की पिशवी उचलायचो. जूनच्या अखेरीस एका सकाळी मी तशीच पिशवी उचलली आणि खिडकीतून पाहिलं, तर फलाटावर हरीऐवजी त्याचा चुलतभाऊ अनंत उभा होता. हातात छत्री होती, पण ती उघडलेली नव्हती. तो खिडकीशी आला. "सर, दादा गेला," म्हणाला. "पहाटं. तुम्ही उतरा." मला त्याचं बोलणं नीट कळलं. उतरायला वेळही होता. पण मी उतरलो नाही. खिडकीचा गज धरून बसून राहिलो आणि अनंत मागे गेला, फलाट मागे गेला. नागोठण्याला उतरून एसटीने परत आलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती.

गावातल्या लोकांना वाटलं, मास्तरांना धक्का बसला. धक्का बसला होता हे खरंच, पण मी उतरलो नाही त्याचं कारण ते नव्हतं. हरीच्या आईला एक गोष्ट सांगायचं मी हरीला कबूल केलं होतं आणि ती सांगितलेली नव्हती. आता तिच्यासमोर कसं उभं राहायचं, एवढंच त्या मिनिटात माझ्या डोक्यात होतं. मित्र गेल्याचं दुःख त्याच्या नंतर आलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आता लिहितोच आहे तर सगळंच लिहितो.

आम्ही दोघे रोह्याच्या एका हायस्कुलात शिकवायचो. मी मराठी, हरी विज्ञान. मुलांतली निम्मी कंपन्यांतल्या कामगारांची, बापाची शिफ्ट बदलली की डुलक्या काढणारी. निम्मी आसपासच्या गावांतली. हरी त्यांना पाठ्यपुस्तक उघडायला सांगायचा तो शेवटी, आधी काहीतरी दाखवायचा. एकदा त्याने बादलीभर निवट्या आणल्या. निवटी म्हणजे आमच्या खाड्यांच्या चिखलात पुढच्या परांवर सरपटत चालणारा बोटभर मासा. टेबलावर ठेवलेल्या बादलीची कड चढून एक निवटी हजेरीपुस्तकावर येऊन बसली आणि वर्ग खिदळायला लागला. "सर, आमच्याकडं हिचं कालवण करतात," खाडीकडची एक मुलगी म्हणाली. "आमच्याकडंही करतात," हरी म्हणाला, "पण कालवण व्हायच्या आधी एकदा तिच्याकडे बघून घ्या." मग त्याने सांगितलं की फार फार पूर्वी, जमिनीवर पाठीचा कणा असलेलं एकही जनावर नव्हतं तेव्हा, उथळ पाण्यातल्या काही माशांचे पर जरा दणकट होते. पाणी आटलं की ते तगायचे, त्यांची पिलं तगायची. अशा असंख्य पिढ्या झाल्या आणि त्यांच्या वंशात बेडूक आले, सरडे आले, गाई आल्या, आपण आलो. "मग सर, निवटीचापण पुढं माणूस होणार?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं. "कशाला होईल? ती काय वाटेत अडकलीय? आपले पूर्वज वेगळे मासे. ही फार नंतरची, हिने आपल्या चिखलापुरती तीच युक्ती पुन्हा साधली. तिच्या जागी ती पूर्ण आहे." "पण हे ठरवलं कोणी?" "कोणीच नाही. ज्याला जमलं त्याची पोरं झाली, ज्याला नाही जमलं त्याची झाली नाहीत. एवढंच." हे 'एवढंच' त्याच्या प्रत्येक धड्याच्या शेवटी असायचं. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्यासोबत घरी गेलो तर त्याची आई दारातच म्हणाली, "शालंत नेल्याव त्या निवट्या परत आनल्याव ना? कालवनाला कमी परल्या." तिला सगळं गाव काकी म्हणतं, मीही म्हणतो.

नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्यात त्यांच्या गावचा खाडीकडचा बांध फुटला, मोठी खांड पडली. उधाणाचं खारं पाणी भाताच्या खाचरांत शिरलं आणि उभं पीक जळालं. आमच्याकडे हे नवं नाही. पण बांध दुरुस्त झाला तरी जमिनीत मीठ राहतं, पुढच्या वर्षीही भात धरत नाही, मग माणसं कंटाळतात, पोरं कंपनीत चिकटतात, आणि सोडलेल्या खाचरात तिवरांची खारफुटी शिरली की ती जमीन पुन्हा शेताला मिळत नाही. हरीला हे मान्य नव्हतं. मेलेल्या पिकात एका कोपऱ्यात काही रोपं उभी होती. काकी ती गुरांसाठी कापायला निघाली, तर हा विळ्याच्या आड उभा राहिला. "आई, एवढ्या पाण्यात ही कशी राहिली ते बघू दे." "राह्यली, राह्यली. नशीब तेचा." "नशीब नाही. काहीतरी अंगातलं आहे यांच्या. त्यांच्या पोरांतही असणार." त्या रोपांच्या लोंब्या त्याने वेगळ्या काढल्या, आणि पुढच्या वर्षी बांधाच्या कडेला, इतरांच्या शेताला धक्का लागू नये म्हणून छोटी वरंबी घालून, एक वाफा केला. बांधात पाणी आतबाहेर सोडायला लाकडी झडपेचं दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. गाव भरतीला झडप बंद करतं. हरीने स्वतःच्या वाफ्यापुरती एक छोटी उघाडी बसवली आणि तो उधाणाला ती मुद्दाम उघडायचा. खाडी आत घ्यायचा. निम्मी रोपं मरायची. उरलेल्यांचं बी तो पुढच्या वर्षी पेरायचा, पुन्हा खाडी आत घ्यायचा. "निवडणारा मी नाही," म्हणायचा, "पाणी निवडतं. मी फक्त झडप उचलतो." गावाला वाटायचं सर येडे झाले. पाणी आत येत असताना तो बांधावर हात मागे बांधून उभा राहायचा. मी चिडवायचो, "इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखा काय उभा राहतोस?" तो म्हणायचा, "हात मोकळे असले की चुळबुळ करतात रे."

मी वाढलो ते पेणच्या गणपतीच्या कारखान्यात. आमच्या घरी साच्यातून निघालेल्या मूर्तीची सोंड मोडली, बोट तुटलं, कान उडाला तरी मूर्ती टाकत नाहीत. ओली माती घेऊन अंगठ्याने सांधायचं, पाण्याचा हात फिरवायचा, वाळू द्यायचं, की रंगाखाली कुणाला कळतसुद्धा नाही. शाळेतली नोकरी लागली तरी सीझनला मी रोज संध्याकाळी हेच करत आलो. एकदा हरी आमच्या कारखान्यात आला होता. वडील एका मूर्तीचा मोडलेला दात बसवत होते. हरी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आप्पा, तुमच्या कारखान्यात आणि माझ्या वाफ्यात एवढाच फरक आहे. इथे मोडलेलं दुरुस्त होतं. तिथे मोडलेलं मोडतं, आणि न मोडलेल्याचं बी पुढे जातं." वडिलांनी मान वर केली नाही. "मग तुमचा देव भलताच कडक दिसतो, सर." "देव नाही आप्पा, पाणी." दोघेही हसले. मीही हसलो. फरक मला कळला असं त्या वेळी वाटलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात हरीची मूत्रपिंडं बिघडली. त्याचं जेवणातलं मीठ बंद झालं. "वाफ्याला चालू, मला बंद," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. पण महिन्याभरात त्याला मुंबईच्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. जाण्याआधी त्याने वाफा माझ्यावर सोपवला. अनंताच्या शिफ्टचा भरवसा नव्हता. "तुझं काम सोपं आहे, वसंता. उधाणाला झडप उचलायची, पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. नंतर काही करायचं नाही." "काहीच नाही?" "काहीच नाही. मरणारी मरू देत. जमेल ना?" "न जमायला काय झालं? स्टाफरूममध्ये दुसरं काय करतो मी?"

श्रावणातल्या उधाणाला मी झडप उचलली. पुढच्या रविवारी गेलो तर रोपांची टोकं करपली होती आणि पानं सुतळीसारखी वळली होती. काकी बांधावर बसली होती. दुसऱ्या दिवशी अनंत तिला मुंबईला नेणार होता, कारण डॉक्टरांनी घरच्यांना भेटून घ्यायला सांगितलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोर तिकरं सुकतंय नि भात इकरं." एवढंच बोलून उठून गेली. मी तिथेच थांबलो. वाफ्याला लागून गावचं तळं आहे, पावसाच्या गोड्या पाण्याने ते काठोकाठ भरलेलं होतं. हरीच्या पडवीतून मी कुदळ आणली आणि तळ्यापासून वाफ्यापर्यंत एक चर खणला. गोडं पाणी आत घेतलं, मीठ धुऊन बाहेर सोडलं, पुन्हा घेतलं. वरंब्या हाताने लिंपल्या, पाण्याचा हात फिरवला... मूर्तीवर फिरवतो तसाच. वाटेने जाणाऱ्या एकाने विचारलं तर "सरांनी सांगितलंय" म्हणालो. पुढचे काही दिवस शाळा सुटली की कासूला उतरून मी हेच करत होतो. काकी परत यायच्या आत चर बुजवून टाकला. वाफा हिरवागार झाला. त्या दिवसांत मला अशी पक्की खात्री वाटत होती की हे भात जगलं तर हरी जगेल. शिकलेल्या माणसाने असं लिहू नये, पण तसंच वाटत होतं.

आणि हरी जगलाही. दिवाळीनंतर तो काठी टेकत घरी आला तेव्हा भात झोडून झालं होतं. आजवर त्या वाफ्यात पिकलं नव्हतं एवढं पिकलं होतं, आणि काकीने आनंदाने आजूबाजूच्या घरांत बियाणं म्हणून वाटलंही होतं. ज्यांची खाचरं खाऱ्या पाण्याने पडून होती त्यांनी 'सरांचं बी' म्हणून ते जपून ठेवलं. हरी पडवीत बसला, ओंजळभर दाणे घेऊन बघत राहिला. मग मला विचारलं, "खाडी आत घेतली होतीस ना?" मी म्हणालो, "घेतली होती." "आणि नंतर?" "नंतर काही नाही केलं." तो म्हणाला, "मग यंदा खाडीला दया आली म्हणायची." त्याला शंका असावी, कारण तो पुढे म्हणाला, "हे बी एक वर्ष थांबवू या का? पुन्हा एकदा पाण्यात घालून बघू." त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "लोकांनी घरात नेलेलं बी परत मागणार का, हरी? बरं दिसेल का ते?" तो आजारी होता, थकलेला होता. माझ्यावर त्याचा विश्वास होता. त्याने मान हलवली.

माझ्या हातून नेमकं काय झालं होतं, ते विज्ञान न शिकवणाऱ्या माणसालाही समजेल. त्या बियाण्यात कणखर रोपं होती आणि नाजूकही होती. दरवर्षी खारं पाणी नाजूक रोपं बाजूला काढत होतं. त्या वर्षी मी एकही बाजूला जाऊ दिलं नाही, आणि गोड्या पाण्यात तर नाजूकच जास्त पोसतात. वाटलेल्या बियाण्यात त्यांचाच भरणा होता. पुढच्या श्रावणात बांधाला पुन्हा खांड पडली आणि 'सरांचं बी' पेरलेली खाचरं आठवड्याभरात पिवळी पडून बसली. इकडेतिकडे एखादं रोप उभं राहिलं, तेवढंच.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "सर, तुमचा बी शालंतलाच निघाला. पास झाला, पन कामाला नाय आला." लोक हसले. कोणी म्हणालं, आता जमीन विकून टाकलेली बरी. कोणी त्याच्या आजारपणावर घसरलं. हरी उभा राहिला, काठी भिंतीला टेकवली, हात मागे बांधले आणि म्हणाला, "चूक माझी. पुरती पारख न करता बी बाहेर जाऊ दिलं." मी खांबाला पाठ लावून बसलो होतो. माझ्या आणि त्याच्यामध्ये दोन माणसं होती. मी बोललो नाही. बैठक संपल्यावर तो थेट खाचरात उतरला आणि त्या चिखलात काठी रोवत उभ्या राहिलेल्या रोपांपाशी गेला. "पुन्हा पहिल्यापासून," एवढंच म्हणाला, आणि मला खूणगाठीसाठी चिंध्या आणायला सांगितल्या. मी आणल्या.

त्यानंतरची वर्षं त्याने पथ्यं, गोळ्या आणि मुंबईच्या फेऱ्या सांभाळून पुन्हा तोच वाफा केला, पुन्हा तीच झडप उचलली. बियाणं मागायला कोणी आलं नाही. त्याने कोणाला दिलंही नाही. गाडीत तो मला नेहमीसारखा भेटायचा. रागावलेला कधी दिसला नाही, आणि मी त्याचा अर्थ त्याला माहीत नाही असा लावून निश्चिंत झालो होतो.

आमचं शेवटचं मोकळं बोलणं झालं ते या मे महिन्यात, त्याच्या पडवीत. सुट्टीत मी मुद्दाम गेलो होतो. त्याच्या पायांवर सूज होती. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "तळ्याकडची पट्टी बघितलीस? तिथे हरळी वेगळी उगवते." त्याने काठीने तळ्याकडे दाखवलं. "चर बुजवताना तू खालची पिवळी माती वर टाकलीस. मूर्तीची सांध लपवतोस, पण माती लपवता नाही आली तुला." मी विचारलं, कधी कळलं. "खांड पडल्यावर. देवळातल्या बैठकीच्या आदल्या दिवशी." "मग बोलला का नाहीस?" "तू बोलशील म्हटलं..." तो सुजलेला पाय चोळू लागला. "राग नव्हता असं नाही, वसंता. खूप होता. गाडीत तुझ्यासमोर बसताना कधी कधी वाटायचं, उठून दुसऱ्या डब्यात जावं. आता आईला आणि गावाला तू सांग. बी आता चांगलं तयार झालंय, पण माझ्या नावावर कोणी ते घेणार नाही. त्या वर्षी काय झालं ते कळलं तर घेतील." मी म्हणालो, "सांगतो." "कधी?" "शाळा सुरू व्हायच्या आत." शाळा सुरू झाली. मी रोज कासूला पिशवी उचलत राहिलो, तो रोज समोर बसत राहिला. एकदाही त्याने पुन्हा विचारलं नाही. आणि मग त्या सकाळी फलाटावर अनंत उभा होता.

तेराव्याला पडवीत गावातली माणसं बसली होती, देवळातले ते म्हातारेही होते. जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो आणि जे वर लिहिलं ते सगळं सांगितलं. कुदळ, चर, खोटं बोलणं, देवळातला खांब. म्हातारे उठले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. अजून ते माझ्याशी बोलत नाहीत. काकी सुपात तांदूळ पाखडत होती, तिने हात थांबवला नाही. "म्हंजे त्या वक्ताला माज्या पोरानं शिव्या खाल्ल्या त्या तुज्या व्हत्या," ती म्हणाली. "व्हय, काकी." "नि तू तितंच बसलावतास." "व्हय." सूप दोनदा वर गेलं, खाली आलं. मला वाटलं आता ती मला जायला सांगेल. ती म्हणाली, "वाफा उगवलाय. श्रावनात उधान हाय, अनंताची शिफ्ट हाय. झडप तू उचल." मी मान हलवली. "नि या येलेला कुदल घरात राहील. मी बसतंय तिच्यावं."

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला मी झडप उचलली. खाडी आत आली. परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. टोकं करपली आहेत, काही रोपं पाण्यावर आडवी झाली आहेत, आणि काही, मागच्या खेपेला मी ज्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं अशी, उभी आहेत. शेजारी तळं भरलेलं आहे. बी तयार झालं की ते अंगणात ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने न्यावं, असं काकीने सांगितलंय. न्यायला कोणी येईल की नाही, माहीत नाही. एकजण मात्र बांधावरून जाताना थांबला होता, वाफ्याकडे बघून गेला.

पडवीतून काकीने हाक मारली, "मास्तर, चा झाला, ये." मी म्हणालो, "आलो." आणि तिथेच उभा राहिलो, ओहोटी लागेपर्यंत. माझे हात कधी मागे गेले ते मला कळलं नव्हतं. उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं, चांगलं घट्ट.